प्लेट वाजते, गोळी कुठे जाते?

पाचशे मीटरवर टांगलेल्या पोलादी प्लेटवर .३०८ विंचेस्टर जातीच्या रायफलीतून गोळी झाडली, तर तिला तिथवर पोचायला सेकंदाचे आठ दशांश भाग पुरतात. प्लेटचा आवाज मात्र हवेतून त्याच्या नेहमीच्या चालीनं परत येतो आणि त्याला जवळजवळ दीड सेकंद लागतो. म्हणजे चाप दाबल्यापासून सव्वादोन सेकंदांनी ‘टण्ण’ ऐकू येतं. दुर्बिणीत पाहणाऱ्याला प्लेट त्याआधीच झुलताना दिसते. कागदावर सराव करणाऱ्याला हे सुख नाही. कागदाला पडलेलं भोक शंभर मीटरवरून नुसत्या डोळ्यांना दिसत नाही; चालत जाऊन बघावं लागतं, नाहीतर महागडी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा लागते. अमेरिकेत अनेक राज्यांत स्वतःच्या शेतावर किंवा मोकळ्या जमिनीवर नेमबाजीचा सराव कायद्यानं करता येतो. तिथले हौशी नेमबाज लाकडाची चौकट, दोन साखळ्या आणि एक जाड प्लेट आणून असं झुलतं लक्ष्य घरच्या घरी उभं करतात.

काम एका दुपारचं आहे. पण त्यात एक प्रश्न दडलेला असतो आणि तो नजरेआड झाला तर माणूस जखमी होतो. प्लेटवर आदळल्यावर गोळीचं पुढे काय होतं? गोळी अडली म्हणजे प्लेटचं काम संपलं, असं नाही. फुटलेल्या गोळीचे तुकडे कुठल्या दिशेला जातील, हे प्लेटच ठरवते. पोलाद किती कठीण घ्यायचं, जाडी किती, टांगायचं कसं, कलवायचं किती, या सगळ्यांची उत्तरं त्या एका प्रश्नातून निघतात.

पोलादी आकृत्यांवर नेम धरण्याचा खेळ रुजला मेक्सिकोत. तिथे पूर्वी दूरवर जिवंत जनावरं बांधून त्यांच्यावर नेमबाजीच्या पैजा लागत. १९४८च्या सुमारास मेक्सिको सिटीत त्या जनावरांच्या जागी पोलादी प्लेटमधून कापलेल्या त्यांच्या आकृत्या आल्या आणि ‘सिलुएतास मेतालिकास’ हा खेळ आकाराला आला. कोंबडी २०० मीटरवर, रानडुक्कर ३००वर, टर्की ३८५वर आणि मेंढा ५०० मीटरवर. मोठ्या रायफलींच्या स्पर्धेत ही अंतरं आजही तीच आहेत. उभं राहून, कशाचाही टेकू न घेता गोळी झाडायची आणि आकृती पायथ्यावरून खाली पडली तरच गुण. नुसती हलली तर काही नाही. पुढे हा खेळ सीमा ओलांडून ॲरिझोनात गेला आणि १९७३ साली अमेरिकेच्या नॅशनल रायफल असोसिएशननं त्याला मान्यता दिली.

याच्याही कितीतरी आधी न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडसारख्या करमणुकीच्या ठिकाणी बिडाची बदकं आणि पक्षी गोळी लागताच मागे कलंडायचे. तिथल्या विल्यम मँगल्स यांच्या कारखान्यातून मेरी-गो-राउंडबरोबर अशी ओतीव लक्ष्यंही बाहेर पडत. आजही हिवाळी ऑलिंपिकमधल्या बायथलॉनमध्ये स्की करून दमलेला खेळाडू ५० मीटरवरच्या पाच पडणाऱ्या लक्ष्यांवर नेम धरतो. झोपून मारताना त्याला ४५ मिलिमीटरचं लक्ष्य मिळतं, उभ्यानं मारताना ११५ मिलिमीटरचं. पडणारं लक्ष्य स्पर्धेसाठी उत्तम, कारण त्यात वादाला जागा नसते. घरच्या सरावात मात्र दर खेपेला तिनशे मीटर चालत जाऊन पडलेली आकृती पुन्हा उभी कोण करणार? टांगलेली प्लेट आपली आपण जागेवर येते. घरगुती लक्ष्य झुलतं असण्याचं मुख्य कारण हेच.

आता झुलण्याकडे वळू. गोळीनं प्लेट किती हलते याचं गणित शाळेतल्या संवेगाच्या नियमावर सुटतं आणि या गणिताचा इतिहास फार देखणा आहे. बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञानं १७४२ साली तोफखान्याच्या नव्या तत्त्वांवर एक पुस्तक प्रसिद्ध केलं. तोवर बंदुकीच्या गोळीचा वेग मोजण्याचं साधनच नव्हतं. रॉबिन्सनं लाकडी ठोकळा बसवलेली एक जड लोखंडी पाटी लोलकासारखी टांगली आणि तिच्यावर गोळी झाडली. पाटीला एक अरुंद फीत जोडलेली होती. झोका जितका मोठा, तितकी फीत ओढली जाई. फितीची लांबी, पाटीचं वजन आणि गोळीचं वजन यांसारख्या मापांवरून त्यानं गोळीचा वेग काढला. मस्केटच्या गोळीचा वेग सेकंदाला सुमारे ५०० मीटर निघाला आणि हवा गोळीला किती जबरदस्त अडवते हेही त्यातूनच पहिल्यांदा नीट कळलं. मोठा गणिती ऑयलर यानं १७४५ साली या पुस्तकाचं जर्मन भाषांतर केलं, स्वतःच्या भरघोस टिपा जोडून. रॉबिन्स पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत तटबंदीच्या कामासाठी हिंदुस्थानात आला आणि १७५१ साली कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिडमध्ये तापानं गेला. गोळीच्या प्रवासाचा वेळ न मोजता, एका झोक्यावरून त्यानं गोळीचा वेग सांगितला. मला ही युक्ती विज्ञानाच्या इतिहासातल्या सर्वांत सुंदर युक्त्यांपैकी एक वाटते. शेतात टांगलेली प्लेट ही रॉबिन्सच्या त्या लोलकाचीच वंशज.

आकडे घालून बघू. .३०८ची गोळी साधारण ११ ग्रॅमची असते. शंभर मीटरवर तिचा वेग सेकंदाला ७५० मीटरच्या आसपास उरतो. ३० सेंटिमीटर लांब-रुंद आणि १० मिलिमीटर जाड प्लेट सात किलोची भरते. गोळी बरोबर मध्यावर लागली आणि तिचे तुकडे प्लेटलगत बाजूंना उडाले, तर तिचा पुढचा सगळा संवेग प्लेटला मिळतो. प्लेट सेकंदाला सव्वा मीटरच्या आतबाहेरच्या वेगानं मागे जाते आणि सुमारे सात सेंटिमीटर उंच उठते. लांबून झोका स्पष्ट दिसतो.

पण याच क्षणी ऊर्जेचा हिशेब मांडला तर चित्र वेगळंच दिसतं. गोळीजवळ सुमारे ३,००० ज्यूल ऊर्जा होती. झोका घेणाऱ्या प्लेटजवळ आहेत जेमतेम पाच. बाकीच्या ऊर्जेचं काय झालं? काही उष्णता झाली, काही गोळी चेपण्या-फाडण्यात गेली, थोडी आवाजात गेली आणि मोठा वाटा तुकड्यांबरोबर बाहेर उडाला. शिशाला नेहमीच्या तापमानापासून ३२७ अंशांपर्यंत तापवून पूर्ण वितळवायला जेवढी ऊर्जा लागते, तिच्या चौपटीहून अधिक ऊर्जा त्या वेगाच्या गोळीत असते. गोळी ‘अडली’ असं आपण म्हणतो, पण ती तीन हजार ज्यूल घेऊन आली होती आणि त्यांतले पाचच प्लेटनं ठेवून घेतले. उरलेल्यांना वाट कुठली काढून द्यायची, हा लक्ष्य बनवणाऱ्याचा खरा विषय.

याच गणितावरून प्लेटचं वजनही ठरतं. पॉइंट टू-टू रायफलीची गोळी अडीच ग्रॅमच्या थोडी वर असते आणि पन्नास मीटरवर तिचा वेग सेकंदाला तिनशे मीटरच्या जवळपास असतो. ती सात किलोच्या प्लेटवर लागली, तर प्लेट अर्धा-पाऊण मिलिमीटर उचलली जाते. नेमबाजाला काही कळतही नाही. तीच गोळी १० सेंटिमीटर व्यासाच्या, ६ मिलिमीटर जाड चकतीवर लागली की चकती वीतभर उसळते. नवशिके बहुतेक वेळा मोठी, जड प्लेट घेतात आणि छोट्या रायफलीनं तिच्यावर गोळ्या झाडून ‘हलतच नाही’ म्हणून वैतागतात.

पोलाद कुठलं घ्यायचं? पहिला मोह होतो तो भंगारवाल्याकडच्या एमएस प्लेटचा, म्हणजे साध्या माइल्ड स्टीलचा. स्वस्त, सहज कापता येणारं, कुठल्याही वेल्डिंगच्या दुकानात मिळणारं. मोठ्या रायफलीसमोर हेच सर्वांत धोकादायक ठरतं. जाडी दुप्पट केली तरी धोका टळत नाही, कारण हा धोका गोळी आरपार जाण्याचा नाहीच.

पोलादाचा कठीणपणा मोजायची एक जुनी रीत आहे. स्वीडनच्या योहान ऑगस्ट ब्रिनेल यानं ती १९००च्या पॅरिस प्रदर्शनात मांडली. १० मिलिमीटर व्यासाची कडक गोटी तीन हजार किलोच्या दाबानं पोलादावर रेटायची आणि उमटलेल्या खळीचा व्यास मोजायचा. खळीच्या पृष्ठभागावर दर चौरस मिलिमीटरला किती किलो भार पडला, तो झाला ब्रिनेल अंक. साध्या एमएस प्लेटवर ही खळी सव्वापाच मिलिमीटरची उमटते, अंक येतो १३०च्या आसपास. झीज सोसण्यासाठी खास पाणी दिलेल्या पोलादाला अमेरिकेत ‘एआर-५००’ म्हणतात. त्यावर तीच खळी २.७ मिलिमीटरचीच उमटते आणि अंक येतो ५००च्या आसपास. डंपरच्या हौद्याचं अस्तर, पोकलेनच्या बकेटचे ओठ, खडी क्रशरच्या घसरगुंड्या या जातीच्या पोलादाच्या असतात. आपल्याकडच्या खाणींत आणि खडी केंद्रांवर ते रोज दगडाशी घासत असतं.

आता गोळीकडून येणारा दाब बघा. वेगानं आदळणारं शिसं घन राहत नाही, जवळजवळ द्रवासारखं वागतं. द्रवाची धार अडली की जो दाब निर्माण होतो, त्याचं सूत्र सोपं आहे: घनता गुणिले वेगाचा वर्ग, भागिले दोन. गोळीचं तांब्याचं कवच बाजूला ठेवून शिशापुरता ढोबळ हिशेब केला आणि उत्तर ब्रिनेलच्याच एककात काढलं, तर पॉइंट टू-टूच्या गोळीचा दाब येतो दर चौरस मिलिमीटरला ५० किलोच्या आसपास. एमएस प्लेटच्या १३० अंकापेक्षा पुष्कळ कमी. म्हणून पॉइंट टू-टूसाठी पुरेशी जाड साधी प्लेट चालून जाते. .३०८च्या गोळीचा ७५० मीटर वेगाला दाब येतो ३२५च्या घरात. एमएसच्या १३०ला तो सहज चिरडतो, पण ५००ला हरतो. वेग सेकंदाला ९०० मीटरवर गेला की दाब ४७०च्या जवळ पोचतो आणि ९५० मीटरला ५०० ओलांडतो. कठीण पोलादावरही खड्डे पडू लागतात ते इथून. ‘सेकंदाला तीन हजार फुटांपेक्षा वेगवान गोळी जवळून मारू नका’ असं अनुभवी नेमबाज सांगतात. तीन हजार फूट म्हणजे बरोबर ९१४ मीटर. शेतात मार खाऊन शिकलेला नियम आणि कागदावरचं सूत्र एकाच जागी येऊन भेटतात, हे मला फार समाधान देणारं वाटतं.

खड्ड्यानं एवढं काय बिघडतं? नळाची धार पालथ्या ताटावर सोडली तर पाणी ताटाला धरून चहूकडे पसरतं. तीच धार डावाच्या खोलगट पोटात पडली, की पाणी काठावरून वळतं आणि सरळ अंगावर येतं. गोळीचं अगदी असंच होतं. सपाट, कठीण प्लेटवर तिचे तुकडे प्लेटच्या पृष्ठभागालगत, फार तर वीसेक अंशांच्या फटीत, बाजूंना उडतात. एमएस प्लेटवर पहिली गोळी खड्डा पाडते. दुसरी त्याच खड्ड्यात किंवा त्याच्या काठावर पडली, की तिचे तुकडे आल्या वाटेनं मागे फिरतात, नेमबाजाच्या दिशेनं. म्हणून खड्डे पडलेली प्लेट, मग ती कितीही जाड आणि मजबूत दिसो, लक्ष्य म्हणून बाद. हीच अट ठिसूळ ओतीव बिडाला, भोकं पडलेल्या जुन्या पत्र्याला, वळवलेल्या पाइपाला आणि गाडीच्या डिस्कला लागू होते. जे सपाट नाही, त्यावर गोळी झाडायची नाही.

कठीण पोलाद आणलं म्हणजे झालं, असंही नाही. त्याचा कठीणपणा पाणी देऊन आणलेला असतो आणि उष्णता लागली की तो उतरतो. या जातीचं पोलाद बनवणारे कारखाने सांगतात की त्याला २५० अंशांच्या वर तापू देऊ नका. गॅस कटरनं कापलेल्या प्लेटच्या कडेला याहून कितीतरी जास्त उष्णता पोचते. कडेलगतची पट्टी मऊ पडते आणि खड्डे तिथूनच सुरू होतात. विळ्या-कोयत्यांना पाणी देणाऱ्या लोहाराला पोलादावर चढणारे रंग वाचता येतात: आधी गवती पिवळा, मग तांबूस-जांभळा, मग निळा. निळ्यापर्यंत गेलं म्हणजे तापमान तिनशेच्या आसपास पोचलं. कापलेल्या प्लेटची कड घासून बघितली आणि तिच्यालगत रुंद निळसर पट्टा दिसला, तर ते कापकाम लक्ष्यासाठी नाही. पाण्याच्या धारेनं कापणं सर्वांत चांगलं. लेझरनं कापलं तरी मऊ पट्टी अगदी अरुंद राहते. भोकंही तिथेच पाडून घ्यावीत, कारण साधं ड्रिल या पोलादावर नुसतं घासत बसतं आणि जळून जातं. वेल्डिंगचा विचार तर सोडूनच द्यावा. मागच्या बाजूला एखादी कडी डकवली, तरी तिच्यासमोरचा दर्शनी भाग मऊ होतो आणि नेमकी तीच जागा नेमाच्या मध्याजवळ असते.

म्हणून जोडणी नटबोल्टची. इथे जो बोल्ट वापरतात तो मुद्दाम बघण्यासारखा आहे. त्याचं डोकं गुळगुळीत घुमटाकार असतं, त्याला पान्याचे कंगोरे नसतात आणि डोक्याखाली चौकोनी मान असते. प्लेटमध्ये चौकोनी भोक पाडलं की मान त्यात अडकते आणि मागून नट आवळताना बोल्ट फिरत नाही. षटकोनी डोक्याच्या बोल्टवर गोळी लागली तर ती कुठल्या कंगोऱ्यावरून कुठे जाईल याचा नेम नाही. घुमटावरून निदान ती बाजूला तरी घसरते. मागच्या बाजूला जाड स्प्रिंग घालून सहज सैल न होणारा नायलॉक नट लावतात. दणका बसला की स्प्रिंग दबते आणि बोल्टच्या मानेवरचा ताण कमी होतो.

साखळी कुठे अडकवायची, यात सगळ्यात मोठी खुबी आहे. ती प्लेटच्या समोर नको. मागे, बोल्टच्या शेपटाला हवी. पहिला फायदा उघड आहे, साखळी गोळीच्या वाटेतून थोडी बाजूला होते. दुसरा फायदा गुरुत्वाकर्षण फुकट करून देतं. टांगलेली कुठलीही वस्तू तिचा गुरुत्वमध्य आधाराच्या बरोबर खाली येईपर्यंत फिरते. आधार प्लेटच्या मागे असेल, तर प्लेटचा खालचा भाग मागे सरकतो, वरची कड पुढे येते आणि दर्शनी बाजू आपोआप जमिनीकडे झुकते. आपल्या ३० सेंटिमीटरच्या प्लेटला वरच्या कडेपासून ४ सेंटिमीटरवर भोकं असतील, तर भोकांपासून मध्य ११ सेंटिमीटर खाली येतो. साखळीचा आधार प्लेटच्या २ सेंटिमीटर मागे असेल तर कल दहा अंशांचा पडतो. ४ सेंटिमीटर मागे असेल तर वीस अंशांचा. लांब बोल्ट एवढाच खर्च. असा कल दिला की तुकड्यांचा मोठा भाग खालच्या मातीत जातो. प्लेट झुलती असल्यानं ती दणक्याबरोबर मागे हटते आणि बोल्टावर, साखळीवर, चौकटीवर येणारा हिसका कमी होतो. मात्र पहिल्या गोळीचा झोका थांबायच्या आत दुसरी झाडली, तर प्लेट त्या क्षणी कुठल्या कोनात असेल हे आपल्या हाती नसतं. झोका शांत होईपर्यंत थांबायचं.

एका बोल्टवर टांगलेली प्लेट कडेला गोळी लागली की स्वतःभोवती गरगरते. दोन बोल्ट, दोन साखळ्या, आणि वरती साखळ्या जरा फाकवून आडव्या दांड्याला बांधल्या, की ती सरळ मागे-पुढे झुलते. काही जण साखळीऐवजी कन्व्हेयर बेल्टच्या रबरी पट्ट्या किंवा आगीच्या बंबाच्या जुन्या पाइपाच्या पट्ट्या वापरतात. ही कल्पना चांगली आहे. चुकून गोळी लागली तर पट्टीला भोक पडतं आणि ती काम करत राहते. साखळीची कडी मात्र तुटते आणि तिचे तुकडे उडतात.

चौकट लाकडाची असावी. लोखंडी अँगलची चौकट टिकाऊ वाटते, पण चुकलेली गोळी तिच्या कंगोऱ्यावर लागली की वाट्टेल तिकडे वळते. लाकडात ती शिरते. प्लेटलगत उडणारे तुकडे चौकटीचे खांब हळूहळू करवतीसारखे कातरत जातात. म्हणून खांब प्लेटपासून दूर रोवायचे आणि कातरले गेले की बदलायचे. खालची जमीन मऊ मातीची हवी, दगडगोटे वेचून काढलेली. आणि मागे उंच, रुंद मातीचा बांध हवाच हवा. लक्ष्य कितीही मोठं असलं तरी काही गोळ्या चुकणारच आणि चुकलेल्या गोळीची जबाबदारी झाडणाऱ्याचीच असते. रायफलीसाठी निदान शंभर मीटर अंतर, नेमबाजासकट उभ्या असलेल्या प्रत्येकाच्या डोळ्यांवर संरक्षक चष्मा, कानांवर आवरण. प्लेटच्या डाव्या-उजव्या बाजूंना तिच्या रेषेत कोणीही उभं राहायचं नाही, कारण तुकड्यांची वाट आपण मुद्दाम तिकडेच काढून दिलेली असते.

पोलादी गाभ्याच्या गोळ्या अशा प्लेटवर कधीही झाडायच्या नाहीत. वरचा सगळा हिशेब शिसं पसरतं या गृहीतावर उभा आहे. कठीण गाभा पसरत नाही, तो टोच्यासारखा घुसतो. खड्डा पडतो किंवा गाभा अख्खाच्या अख्खा उसळून परत येतो.

सरावाआधी प्लेटला पांढरा रंग फवारतात. गोळी लागली की तिथला रंग उडून करडा डाग उमटतो आणि दुर्बिणीतून कळतं की नेम डावीकडे गेला की खाली. महिनोन्‌महिने मार खाऊन प्लेट किंचित बाक घेते, पोट मागे काढते. मग तिची पाठ पुढे करून टांगायची. पुढच्या मारानं बाक निघून जातो. दर वेळी रंग देण्याआधी पृष्ठभागावरून हात फिरवावा, हातमोजा घालून. बोटाला खळगा लागला, तडा दिसला, कडेचा टवका उडालेला असला, तर ती प्लेट उतरवायची. प्लेटखाली साठलेलं शिसंही वेचून भंगारात द्यायला हवं. ते मातीत आणि पाण्यात उतरू द्यायचं नाही, आणि गुरं चरतात अशा जागी तर हा सराव नकोच. नंतर हात साबणानं धुतल्याशिवाय काही खायचं नाही.

पोलादानं नेमबाज घडतो का? अर्धा घडतो. प्लेट फक्त ‘लागली’ किंवा ‘नाही लागली’ एवढंच सांगते. वारा ओळखणं, श्वास आवरणं, दमलेलं असताना पुन्हा पवित्रा जमवणं, यासाठी तिच्यासारखी गुरू नाही. पण ५० मीटरच्या ऑलिंपिक रायफल प्रकारात दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचं असतं आणि त्याच्या आतही दशांशांनी गुण मोजतात. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ साली पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवलं ते ४५१.४ गुणांनी, आणि त्या शेवटच्या चार दशांशांची भाषा प्लेटला येत नाही. ती कागदावर किंवा इलेक्ट्रॉनिक लक्ष्यावरच शिकावी लागते.

महाराष्ट्रात हा उद्योग अमेरिकेसारखा शेतावर करता येत नाही. १९५९चा शस्त्र कायदा आणि २०१६चे शस्त्र नियम यांप्रमाणे रायफलीला परवाना लागतो आणि सराव वरळी किंवा बालेवाडीसारख्या मान्यताप्राप्त रेंजवरच करायचा असतो. तो नियम योग्यच आहे. आपल्याकडच्या शेतांत बांधापलीकडे नेहमी कोणीतरी असतं. पण ४.५ मिलिमीटर नळीच्या आणि २० ज्यूलपर्यंतच्या एअर रायफलला परवाना लागत नाही आणि तिच्यासाठी झुलतं लक्ष्य बनवता येतं. स्पर्धेतल्या एअर रायफलीचा अर्ध्या ग्रॅमचा शिशाचा छर्रा सेकंदाला १७० मीटरच्या आसपास जातो. त्याच सूत्रानं त्याचा दाब दर चौरस मिलिमीटरला १७ किलोच्या जवळ येतो, म्हणजे कठीण पोलादाची गरजच नाही. ५ सेंटिमीटर व्यासाची, ६ मिलिमीटर जाड एमएसची चकती ९० ग्रॅमच्या थोडी वर भरते आणि छर्रा लागल्यावर पाचेक सेंटिमीटर उसळते. ती एका लाकडी खोक्यात टांगावी. खोक्याच्या मागच्या फळीपुढे जाड सतरंजीचा तुकडा लोंबता सोडावा आणि तळाशी वाळू घालावी, म्हणजे चुकलेले आणि फुटलेले छर्रे आतच राहतात. चष्मा इथेही सुटत नाही, आणि गोल पोलादी छर्रे तर अजिबात वापरायचे नाहीत. ते चेपत नाहीत, जवळजवळ तसेच परत येतात. घरात लहान मुलं असतील तर खोक्यातली वाळू मोठ्यांनीच चाळावी आणि निघालेलं शिसं झाकणाच्या डब्यात ठेवावं.